दार मोड नव्हे, दार उघड

माझ्याकडे एक लाल जेलपेन असायचं आणि ते कुणाच्याही कागदावर चालवायचा आपल्याला परवाना आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. हा आमच्या घराण्याचाच गुण. आजोबा, काका, सगळे पंचवटीत यात्रेकरूंचे उपाध्ये. नदीकाठी उभं राहून दुसऱ्याला ‘आता वाका, आता ओंजळ करा, आता पाणी सोडा’ असं सांगण्यात पिढ्या गेल्या. वडील ऑफिसात लागले तरी सांगण्याची सवय सुटली नाही, आणि माझ्यापर्यंत येता येता ती लाल झाली, एवढाच काय तो फरक.

मी चित्रकलेचा डिप्लोमा केला. जाहिरातीच्या धंद्यात जायचं होतं, ते झालं नाही. नव्वद सालानंतर इथल्याच एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर कोडी द्यायला लागले. ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’, ‘दोन चित्रांतले दहा फरक ओळखा’, असली. सहा वर्षांत माझ्या कोड्यात चूक आहे असं सांगणारं एकही पत्र आलं नाही, हे मी येईल त्याला ऐकवत असे. पत्रंच फारशी येत नसत, हे सांगत नसे.

दोन हजार सालानंतर गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. कॉलेज रोडवरच्या अशाच एका क्लासमध्ये मी ग्राफिक्स शिकवायला लागले. तिथे अ‍ॅनिमेशन शिकवायला एक मुलगी आली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सायखेड्याची, रोज एसटीने ये-जा करणारी. घरी भाजीपाला आणि कांद्याची शेती. वर्गात ती मला ‘मॅडम’ म्हणायची आणि वर्गाबाहेर, डबा खाताना, ‘ताई’. हा फरक ती फार कसोशीने पाळायची. मला ते ‘ताई’ आवडायचं, हे आज सांगायला हरकत नाही.

एका दुपारी तिने डब्याशेजारी एक सीडी ठेवली. वर हिरव्या मार्करने लिहिलं होतं, ‘दारं – ताईंसाठी’.

‘‘गेम केलाय,’’ ती म्हणाली. ‘‘सात महिने लागले. सगळ्या फायली टाकल्यात हिच्यात, म्हणजे तुम्हाला चित्रंबित्रं पण उघडून बघता येतील. पुण्याची एक कंपनी मराठी मुलांसाठी गेमची सीडी काढतीये. त्यात घेतला तर मला तिथं कामावरपण घेतील, असं तिथल्या मॅडम म्हणाल्यात. पण ताई, खरं खरं सांगा बरं का. छान छान म्हणणारे घरी लय हायेत.’’

असं म्हणून तिने आपली मान सुरीखाली दिली. मी मनातून इतकी खूश झाले की पोळीचा घास तसाच हातात राहिला.

खेळ असा होता. वरून दिसणारं शेत. एका कोपऱ्यात विहीर, तिथून निघालेला पाट, पाटाच्या दोन्ही अंगांना वाफे. एक टोपीवाला माणूस, हातात फावडं, आपल्याकडे कायम पाठ केलेला. खाली दोन बटणं: ‘दार मोड’ आणि ‘दार धर’. वर एक पिवळी पट्टी हळूहळू आखडत जायची, तिच्यावर लिहिलं होतं ‘लाईट’. ती संपायच्या आत सगळे वाफे भिजले पाहिजेत, आणि कुठलाही फुटता कामा नये.

पहिले तीन टप्पे मी सहज पार केले. चौथ्यात भेगाळलेली काळी जमीन होती. वाफा भरला की मी ‘दार धर’ दाबायची, तरी पाणी पुढे जायचंच, आणि वाफा फुटायचा. बारा वेळा हरले. सशाला गाजरापर्यंत पोहोचवणारी बाई एका वाफ्यापुढे बारा वेळा हरली, आणि तिला राग आला. तो राग कुणाचा होता हे त्या वेळी मला कळलं नाही. मी पेनाचं टोपण काढलं.

त्याच वर्षी क्लासच्या मालकांनी आम्हाला एका शिबिराला पाठवलं होतं. तिथे ‘विधायक टीका’ नावाचा प्रकार शिकवला गेला. कागदाचे तीन रकाने करायचे: आवडले, खटकले, सुचवावेसे वाटते. आधी साखर, मग कारलं, मग पुन्हा साखर. मी फूटपट्टीने रकाने आखले. ‘आवडले’मध्ये तीन ओळी लिहिल्या: मेहनत दिसते, विषय आपल्या मातीतला, अक्षर सुवाच्य. ‘खटकले’मध्ये एकतीस मुद्दे झाले.

तो कागद मला अजून तोंडपाठ आहे. न्यायाधीशाला स्वतःचे चुकलेले निकाल असेच पाठ राहत असतील.

‘सगळीकडे एकच मातकट रंग. मुलांना कंटाळा येईल.’ ‘नायकाचा चेहरा दिसत नाही.’ ‘पट्टीवर लाईट लिहिले आहे, दिवा कुठेच नाही. त्याऐवजी वाळूचे घड्याळ घ्यावे.’ ‘दार म्हटले आहे, पण दाराच्या जागी मातीचा गोळा काढला आहे. दार हे दारासारखे दिसले पाहिजे. चौकट, फळ्या, कडी.’ ‘दार धर म्हणजे काय? दार बंद कर असे म्हणावे.’ ‘दार मोड हे हिंसक वाटते. लहान मुलांसाठी दार उघड असे करावे.’ या मुद्द्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. आणि एकतिसावा: ‘दार बंद केल्यावरही पाणी पुढे जाते. ही प्रोग्रॅममधली चूक आहे. दुरुस्त करावी.’

दुसऱ्या दिवशी कागद तिच्यापुढे ठेवला. ती वाचत गेली आणि दाराच्या मुद्द्यावर थांबली.

‘‘ताई, दार म्हणजे आमच्याकडं ते…’’

‘‘थांब,’’ मी म्हणाले. ‘‘तू मला समजावून सांगायला लागलीस, इथेच खेळ फसला. प्रत्येक मुलाच्या शेजारी उभी राहून सांगणार आहेस का तू?’’

तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. शिबिरातल्या बाईंचंच होतं ते, आणि वाईट म्हणजे ते खोटंही नव्हतं. खऱ्या वाक्याने एखाद्याचं तोंड बंद करता येतं, हे कळलं की माणूस फार धोकादायक होतो.

‘‘आणि हे पाणी, ताई? ते तसंच…’’

‘‘चूक आहे ती. बंद म्हणजे बंद.’’

तिने मान हलवली. म्हणाली, ‘‘तुम्हाला नाय कळलं म्हणजे पुण्यातल्यांनापण नाय कळणार. बरोबर हाय तुमचं.’’ आणि कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, प्रसाद ठेवावा तशी.

मग दोन महिने ती रोज डब्याच्या वेळेला नवी चित्रं दाखवायची आणि मी सुधारायची. मातीच्या गोळ्याच्या जागी लाकडी दार आलं. शेतात लाकडी दार विचित्र दिसतं, असं मीच म्हणाले, मग शेत गेलं आणि राजवाडा आला. वाफ्यांचे हौद झाले. टोपीवाल्याला मी समोरून बघायला लावलं, त्याला मिशा दिल्या, फावड्याऐवजी किल्ल्यांचा जुडगा दिला. पाणी दार लावलं की जागच्या जागी थांबायला लागलं. नावही बदललं. ‘दारं’ काय नाव झालं? ‘सात दरवाजे’ केलं. चौथा टप्पा मी एका झटक्यात पार केला आणि म्हणाले, ‘‘आता कसं!’’

ती हसली. त्या हसण्यात काही कमी होतं का, हे मी पाहिलं नाही. मी पडद्याकडे बघत होते. मला स्वतःचं काम दिसत होतं.

एवढं मात्र इथे लिहूनच टाकते. तिचा पहिला खेळ पाहिल्यावर, राग यायच्याही आधी, मला आणखी एक गोष्ट वाटली होती. सहा वर्षं मी ससे आणि गाजरं काढली, पण हे असलं एकही कोडं मला सुचलं नव्हतं, जे खेळताना पायांना गार लागेल. मला तिचा हेवा वाटला. त्याला मी ‘विधायक’ म्हटलं.

दिवाळीनंतर ‘सात दरवाजे’ची सीडी पुण्याला गेली. संक्रांतीच्या आसपास पत्र आलं. तिने ते मला वर्गातच दाखवलं. कंपनीच्या बाईंनी सभ्यपणे लिहिलं होतं की चित्रं नेटकी आहेत, पण राजवाड्याचे आणि कुलपांचे खेळ बाजारात चिक्कार आहेत. खाली हाताने एक ओळ लिहिली होती: ‘तुमच्या भागातलं, फक्त तुम्हालाच माहीत असेल असं काही असेल तर महिन्याभरात पाठवा. एक जागा अजून रिकामी ठेवली आहे.’

‘‘बघू,’’ ती म्हणाली. मी तिला धीर दिला. म्हणाले, त्या लोकांना कळत नाही.

त्याच आठवड्यात तिने मला घरी जेवायला बोलावलं. वाईट वाटून घेऊ नका, असं सांगण्यासाठीच बोलावलं असावं. निकाल तिचा लागला होता आणि समजूत माझी काढली जात होती. रविवारी सकाळी मी सायखेड्याला उतरले. ती स्टँडवर घ्यायला आली आणि थेट मळ्यातच घेऊन गेली, कारण लाईट नुकतीच आली होती आणि वडील कांद्याला पाणी भरत होते.

विहिरीवरची मोटर चालू होती. पाटातून पाणी येत होतं. टोपी घातलेला एक वाकलेला माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता, हातात फावडं. मी जागच्या जागी थांबले.

‘‘आली का? ते तिकडलं दार मोड गं!’’ तो मागे न बघताच ओरडला.

तिने चपला काढल्या, सलवार पोटऱ्यांपर्यंत गुंडाळली आणि पाटाच्या कडेला गेली. तिथे मातीचा एक गोळा होता. चिखलाचा साधा ढीग, दोन ओंजळी असेल नसेल. तिने तो पायाने बाजूला सारला आणि पाणी वळून वाफ्यात शिरलं. चौकट नव्हती, फळ्या नव्हत्या. माझ्या दोन रेघा ओढलेल्या मुद्द्याचं उत्तर पाच सेकंदांत माझ्या डोळ्यांपुढे वाहत होतं.

पाणी वाफ्यात पाऊण लांबीपर्यंत गेलं असेल नसेल, तोच वडील ओरडले, ‘‘धर, धर, धर आता!’’ तिने तोच चिखल दोन्ही हातांनी ओढून पुन्हा तिथे दाबला.

‘‘पण वाफा भरला कुठे अजून?’’ माझ्या तोंडून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वडील वळले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. मिशा नव्हत्या. ‘‘जाईल ना ते बाई. वाफ्यात शिरलेलं पानी थांबतं का कुठं? मागचं पुढच्याला ढकलतं. भरल्यावर धरायला गेलं तर फुटंल ना वाफा.’’

मी वाफ्याकडे बघत राहिले. पाणी सावकाश पुढे गेलं, टोकाच्या रोपांपर्यंत पोहोचलं आणि आपोआप थांबलं. एकतिसावा मुद्दा. प्रोग्रॅममधली चूक.

‘‘दादा, ह्या आमच्या ताई,’’ ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची.

‘‘तुम्हीच का त्या! दारांला कड्या लावायला सांगितल्या त्या?’’ म्हातारा मनापासून हसला. त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. ‘‘पान्याला कडी लागती का हो मॅडम?’’ मग तो फावड्यावर हात ठेवून सांगायला लागला, ‘‘हिचा पहिला गेम मी खेळलो. कधी हात नाय लावला त्या माऊसला, पन खेळलो. हिनं चौथ्याला लय अवघड करून ठेवलं व्हतं, मी एका दमात काढला. ही मला म्हनती कशी, दादा, हे पोरांला खेळायला ठेवायचं, पुढच्या सालाला आपल्याकडं ठिबकच्या नळ्या येनार, मंग दारं बघायला कुठं मिळायची? नंतरचा तो वाड्याचा गेम काय मला जमला नाय बुवा. किल्ल्याच सापडत नव्हत्या.’’

मी हसले. ती हसली नाही. ती हाताचा चिखल पाटात धूत होती.

जेवणात काय होतं ते मला आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढंच डोक्यात फिरत होतं. माफी मागावी असं चार वेळा मनात आलं. चारही वेळा मी भाकरी चांगली झाली आहे असं म्हणाले.

स्टँडवर जाताना ती म्हणाली, ‘‘ताई, एक काम होतं. मी तुमच्या सूचना त्या पहिल्या फायलींवरच सेव्ह करत गेले. माझ्याकडं जुनं काहीच राहिलं नाय. पण तुमच्याकडं ती सीडी असेल ना? सगळं हाय तिच्यात. पुण्याच्या मॅडमनी महिना दिलाय. तीच पाठवते, जशीच्या तशी.’’

म्हणजे सगळं पुन्हा जागेवर येण्यासारखं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा हातच धरला. ‘‘असेल की,’’ मी म्हणाले. ‘‘मी काही टाकून देत नाही.’’

ते खरंच होतं. मी ती टाकून दिली नव्हती.

आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरांचा उच्छाद होता. आई रोज सकाळी त्यांच्या नावाने बोटं मोडत गॅलरी धुवायची. त्या दिवसांत सगळ्यांनीच शोधून काढलेला एक उपाय होता: जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून टांगायच्या, त्या उन्हात चमकल्या की कबुतरं बिचकतात. क्लासमधल्या पाच खराब सीड्या मी आणल्या. सहावी हवी होती, नाहीतर ओळ बरोबर दिसेना. चित्रकलेचा डिप्लोमा आहे माझा, मला ओळीतली मोकळी जागा खटकते. टेबलावर ‘दारं’ पडलेली होती. ‘सात दरवाजे’ तयार झालं होतं, आता या कच्च्या खर्ड्याचा काय उपयोग, असं मला वाटलं. मधल्या भोकातून दोरा मी माझ्या हाताने ओवला होता.

सायखेड्याहून आले ती तडक गॅलरीत गेले. सीडी जागेवर होती, वाऱ्याने ग्रिलवर आपटत होती. तीन महिन्यांचं ऊन तिने खाल्लं होतं. चमकत्या बाजूवर ओरखडेच ओरखडे. दुसऱ्या दिवशी क्लासला लवकर जाऊन ती लावून पाहिली. ड्राइव्ह घरघरलं आणि तिला बाहेर ढकललं. तीन मशीन पाहिली, तिघांनी तेच केलं. मी ती घरी आणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

खरं सांगायचं तर त्याच दिवशी सांगता आलं असतं. महिना हातात होता. सात महिन्यांचं काम पुन्हा झालं नसतं, पण एखादा टप्पा, निदान तो चौथा, दोघींनी बसून उभा केला असता. पण त्यासाठी आधी ‘कबुतरं’ हा शब्द तोंडातून काढावा लागला असता. ती विचारायची, ‘‘ताई, सापडली?’’ मी म्हणायची, ‘‘शोधतेय गं.’’ ती रोज एवढ्या भरवशाने विचारायची की मला तिचाच राग यायला लागला. मग एक दिवस मी म्हणाले, ‘‘नाही सापडत. तूच एखादी कॉपी ठेवायला हवी होतीस. हा धडा समज.’’ हेही विधायकच.

महिना संपला. तिने त्या खेळावर पाणी सोडलं. क्लासमध्ये बसून तिने पुन्हा शून्यापासून काही केलं नाही, आणि मी ते करायला सांगितलंही नाही.

उन्हाळ्यात तिने क्लास सोडला. गावातल्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं होतं. निघण्याआधीच्या रविवारी ती आमच्या घरी आली, पहिल्यांदाच. पिशवीत मेथीच्या चार जुड्या होत्या. मी तिला बसवलं, आई चहा ठेवायला आत गेली. बोलता बोलता ती मध्येच थांबली, उठली आणि गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मी साड्यांखाली लपवलेली सीडी आईला सापडली होती. कबुतरं पुन्हा यायला लागली म्हणून तिने ती परत टांगली होती. मला काही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं? हिरवी अक्षरं उडाली होती, पण पुरती नाही. सीडी गोल फिरत होती आणि दर फेरीला ‘ताईंसाठी’ एवढं वाचता येत होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. वळली नाही. मेथीची पिशवी माझ्या हातात होती. 

‘‘मॅडम,’’ ती म्हणाली. वर्गाबाहेर हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. ‘‘कबुतरं येत नाहीत ना आता?’’

स्वयंपाकघरातून आईने मोठ्या उत्साहाने उत्तर दिलं, ‘‘एकसुद्धा नाही गं बाई! फार कामाची निघाली!’’